चिरणार कोण?

मावशी एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करते आहे. तिचं उजवं मनगट आता पार कामातून गेलंय. परसात भोपळ्याचा एकच वेल मावेल एवढी जागा, आणि त्या संध्याकाळी बियांच्या दोन पुड्या समोर ठेवून घरात वाद पेटला होता.

"मोठाच लावायचा," काका म्हणाले. "वीस-वीस किलोचा होतो. सगळी गल्ली बघत राहील!"

"आणि साल जाड, सहा महिने टिकतो," मावशीच्या सासूबाईंनी री ओढली. "तो दुसरा काय, मुठीएवढा! दाताखाली तरी येईल का?"

मावशी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. "चिरणार कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तूच की!" काका म्हणाले.

"गेल्या वर्षीचा मोठा भोपळा मागच्या पायरीवर आपटून फोडला मी. सुरी दाबवत नव्हती. तुम्हाला वाटलं, हातातून पडला."

त्या दिवशी सासूबाईंनी तिला चांगलंच धारेवर धरलं होतं.

"अगं, मग सांगायचं नाही का?" काका म्हणाले.

"दिवसभर उभं राहून आल्यावर सांगायलाही अंगात जीव लागतो हो."

सासूबाईंनी लहान भोपळ्याची पुडी उचलली. "हाच लावू. सालीसकट शिजतो म्हणतात."

"उद्या लावते," मावशी डोळे न उघडताच म्हणाली.

"तू कशाला? हा लावेल," म्हणत सासूबाईंनी पुडी लेकाच्या हातात कोंबली.