बसायला जागा नसलेलं कापडदुकान

परदेशातल्या एका स्वस्त कपड्यांच्या कंपनीनं शिक्रापुरात हायवेला दुकान उघडलं, तेव्हा फीत कापायला आलेल्या पाहुण्यांचं एकच पालुपद चाललं होतं: तालुक्यात रोजगार आला! आला हो, नाही कोण म्हणतंय? पण नोकरी देणाऱ्याला कामावरच्या माणसाला टेकायला एक साधं स्टूल देता येऊ नये?

सुलक्षणा तिथं कामाला लागली. त्याआधी शिरूरच्या पेठेतल्या कापडदुकानात गादीवर बसून साड्या विकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मालक वारले, पोरांनी दुकानाला टाळं लावलं. नवरा अपघातापासून घरीच. त्यामुळे ही नोकरी टिकवणं भागच होतं. या महिनाअखेरीला ती कायम होणार होती.

तिथला नियम असा की विकणाऱ्यानं बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. का, तर बसलेला माणूस आळशी दिसतो! हे ज्या शहाण्यानं ठरवलं त्याला एक दिवस तिथं उभा करायला हवा. संध्याकाळपर्यंत सुलक्षणाच्या पोटऱ्यांना गोळे यायचे. घरी पोचली की ती उंबऱ्यातच बसून राहायची.

एका दुपारी न्हावऱ्याच्या पुतळाबाई आल्या. पेठेतल्या दुकानापासूनचं तिचं गिऱ्हाईक. त्यांनी दारात चपला काढल्या आणि आत येऊन मोकळ्या फरशीवर सरळ मांडी घातली.

"सुलक्षणे, नातीला ड्रेस दाखव गं चांगला."

आजूबाजूचे हसले. मॅनेजर महेंद्र धावतच आला.

"आजी, उठा. इथं बसायचं नसतं."

"आरं, कापड काय उभ्यानं घेत्यात व्हय? आल्या माणसाला बस म्हणायची रीत न्हाई का तुमच्यात?"

महेंद्रनं म्हातारीचा दंड धरला. ते पाहून सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चार-सहा ड्रेस उचलले, चपला काढल्या आणि पुतळाबाईंच्या समोर जाऊन बसली. त्याचा हात आपोआप सुटला.

"मॅडम, उठा. महिनाअखेर जवळ आलीय, विसरू नका."

"विसरले न्हाई, साहेब. पर गिऱ्हाईक बसल्यालं असताना मी उभी ऱ्हाणार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका!"

सुलक्षणानं मान वर केली नाही. हिरवा ड्रेस उलगडून तिनं पुतळाबाईंच्या पुढ्यात पसरला, बाही सरळ केली.

"मावशी, नात माझ्याएवढी उंच हाय, का जरा कमी?"