लाज नसलेल्या नर्सबाई

आमच्या गावच्या नर्सबाईंना घडवताना देव लाज घालायलाच विसरला, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. माणसं भेटल्यावर रामराम म्हणतात. या बाई भर बाजारात, रस्त्याच्या पलीकडून, ‘काय गं, लघवीला साफ होतंय का?’ असं विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. एकदा सभेला आलेल्या पुढाऱ्याच्या आईलाही त्यांनी मोटारीच्या खिडकीतून हेच विचारलं. पुढाऱ्यानं घाईघाईनं काच वर केली. आईनं ती पुन्हा खाली केली. कुणा बाईच्या हातात दिवसातला चौथा चहा दिसला, की तो काढून घेऊन त्या स्वतःच पिऊन टाकत. ‘तुझी लघवीची पिशवी भडकती. मला सवय हाय,’ वर हे.

मी तेव्हा दूध संस्थेचा सेक्रेटरी, म्हणजे स्वतःच्या मते गावातला शहाणा. दुष्काळ असा, की टँकर तीन दिवसांनी यायचा. माझ्या वहिनी, ज्यांनी मला आईमागं वाढवलं, अख्ख्या दिवसात एक तांब्या पाणी प्यायच्या. परळीला दिलेल्या लेकीचा मुलगा वर्षाचा झाला, तरी त्याचं तोंड बघायला गेल्या नव्हत्या. ‘मला यष्टी लागती, भाऊजी,’ म्हणायच्या, आणि मी दरवेळी उलटीच्या गोळ्या आणून द्यायचो.

संस्थेच्या वार्षिक सभेत कौतुक करण्याजोगं काहीच नव्हतं, दूधच आटलेलं. मग मी डोकं चालवलं: पाणी वाचवणाऱ्या आदर्श मातेचा सत्कार! वहिनींना पुढं बसवलं, ओटीत खण-नारळ घातला आणि गरजलो, ‘दिवसाला एक तांब्या! शिका, बायांनो!’ टाळ्या पडल्या. मागून नर्सबाई उठल्या.

‘सेक्रेटरी, टाळ्या कावून वाजवता? बायांनो, हंडा उचलताना, खोकताना, शिंकताना, हसताना जिचं लुगडं भिजतं, आन् त्या भ्यानं जी पाणीच पीत न्हाई, तिनं हात वर करा.’

चेअरमनांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. ‘बाई, हितं गडी माणसं हायेत!’ मी ओरडलो.

‘हायेत की. त्यांच्याच पायी ह्या गप हायेत.’ आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. ‘माझा पयला. चार वर्सं भिजत व्हते.’

मग बांगड्या खुळखुळवणारा एक सुरकुतलेला हात वर गेला. मग तीन, मग सात. आणि माझ्या शेजारी, नारळावरून उठलेला, जेमतेम खांद्याएवढा, वहिनींचा. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ती नुसतीच कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या ओट्यावर वर्ग सुरू. ‘कापाकापी लागायची न्हाई. लघवी मधीच थांबवल्यावानी आतून आवळा, पाच मोजेस्तोवर धरा, सोडा. धा येळा, दिवसातून तीनदा. हंडा उचलायच्या आधी आवळा, मग उचला. आन् पाणी प्या! कमी पेलं की पिशवी आणखीन चिडती. तीन म्हैने धीर धरा.’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टँकरच्या रांगेत बाया एकाएकी स्तब्ध, नजर दूर लावून उभ्या दिसल्या, तेव्हा मी समजलो पावसासाठी प्रार्थना चालली आहे. मीही शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभा राहिलो. ‘तुमचंबी भिजतंय का वो, सेक्रेटरी?’ एका म्हातारीनं मायेनं विचारलं.

तीन महिने उलटले आणि वहिनी आपण होऊन म्हणाल्या, ‘भाऊजी, परळीला जाऊ.’ बीडच्या स्टँडवर त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. परळी येईपर्यंत श्वास मीच आवळून धरला होता. त्या मात्र खिडकीतून रान बघत होत्या. लेकीच्या घरी नातवाला मांडीवर घेतलं, आणि त्यानं क्षणात त्यांचं लुगडं भिजवलं. ‘अगं बाई, ह्यानं तर माझ्यावर वरताण केली!’ म्हणत वहिनी हसल्या. तोंडाला पदर न लावता, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हे सांगायला गेलो तर नर्सबाईंची बदली झालेली. मग त्यांना लिहायला पोस्टकार्ड घेऊन बसलो. ज्याला बायांसमोर लघवी हा शब्द उच्चारता येत नव्हता, तो लिहिणार काय? वहिनी याआधी अशा कधी हसल्या होत्या, ते आठवून पाहिलं. माझ्या लहानपणी, एवढंच आठवलं. मधल्या वर्षांत त्या हसायलाही भीत होत्या, आणि मी त्याच घरात राहत होतो. शेवटी कार्डावर एकच ओळ लिहिली: ‘वहिनी काल मोठ्यानं हसल्या.’