दाजींचा न भागणारा आकडा

आमच्या दाजींनी एका आकड्यावर जेवढं प्रेम केलं, तेवढं जगात कुणी केलं नसेल. खोडदला त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मीटरवर नंबर होता ४००३९९७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भागली जात नाही, असं दाजींच्या मनानं घेतलं. खात्री करायची तर दोन हजारांच्या आतल्या तीनशे तीन मूळ संख्यांनी तिला भागून पाहायचं होतं. कॅल्क्युलेटर वर्ज्य. "यंत्रानं पीठ दळावं, डोकं न्हाई," म्हणत ते गिरणीच्या भिंतीवर खडूनं भागाकार मांडायचे. गिऱ्हाईक बाहेरून ओरडायचं, "दाजी, दळण झालं का?" आतून उत्तर यायचं, "थांब राव, सतराशे एकवीस चाललंय!" तोवर त्याच्या बाजरीत शेजारणीचे गहू गेलेले असत. गावाजवळच्या दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेनांकडे बघून ते म्हणत, "त्यांचं समदं लई लांबचं. आपलं हितं भिंतीवर हाय." माझी बहीण, अक्का, त्या भिंतीकडे बघतसुद्धा नसे.

अशी काही वर्षं गेली आणि वीजवाले जुना मीटर बदलायला आले. दाजी दारात आडवे. "एकच भागाकार ऱ्हायलाय. एकोणीसशे नव्व्याण्णव. त्यो झाला की खुशाल न्या." वायरमन भला माणूस, रविवारपर्यंत थांबला. रविवारी दाजींनी गाव बोलावलं. शाळेतून फळा आला, पेढे आले, सरपंच शाल आणि लिहिलेलं भाषण घेऊन आले.

दाजींनी भागाकार मांडला. चार हजार तीनमध्ये दोनदा, बाकी पाच. नऊ उतरवला, एकोणसाठ. भाग जात नाही, शून्य. पुन्हा नऊ, पुन्हा शून्य. शेवटचा सात उतरवला, पाच हजार नऊशे सत्त्याण्णव झाले, आणि दाजींचा हात थांबला. तिथं त्यांनी काहीही खरडलं असतं तरी आमच्यापैकी कुणाला कळलं नसतं. त्यांनी वर तीन लिहिला. खाली बाकी शून्य.

"भाग गेला," ते हळूच म्हणाले.

सरपंचांना ही आनंदाची बातमी वाटली. त्यांनी भाषण वाचलंच: "आपल्या गावचा आकडा कुणापुढं झुकला न्हाई!" टाळ्या पडल्या. शाल पांघरून दाजी छडी खाल्लेल्या पोरासारखे उभे होते. मग वायरमनला म्हणाले, "न्या आता."

पेढे संपले तशी माणसं पांगली. दाजी फळ्याकडे पाठ करून बसले. अक्का त्यांच्याशेजारी येऊन टेकली.

"त्यो वरचा नऊ खाली कशापाई आणला?"

"तुला काय करायचंय?"

"सांगा की."

दाजींनी तिच्याकडे नीट बघितलं. "पहिल्यापासनं सांगू?"

"पहिल्यापासनं."

मी एसटीसाठी निघालो तेव्हा चार हजार तीनमधून पाच उरतात कसे, इथपर्यंतच ते आले होते. अक्काला काही ते पटत नव्हतं. दाजी पुन्हा पुन्हा, न चिडता, समजावत होते. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यांच्या आकड्यांबद्दल तिनं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.