माझी धडधड, त्याच्या टाळ्या

दहावीला मावशीने तिचा मुलगा नामपूरला आमच्याकडे धाडला. एकलहऱ्याला पॉवर स्टेशनच्या कॉलनीत लय उनाडक्या करतो, म्हणून. तोवर आमच्या शाळेत नकला करणारा मी एकटाच. हेडसरांचं खाकरणं, एसटी कंडक्टरचा नाकातला आवाज, आणि सगळ्यात भारी म्हणजे मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस. माझी पुकार ऐकून गल्लीतल्या एका काकांनी खरंच ट्रॅक्टर चालू केला होता.

हा आला आणि चार दिवसांत माझीच पुकार माझ्यापेक्षा बरी करायला लागला. कॉलनीतलं पोरगं! कांदा त्याने फक्त भेळेवर पाहिलेला.

गॅदरिंगला नकलेची जागा एकच होती. दोघांपैकी कोण, ते विज्ञानाचे सर वर्गात ठरवणार होते. नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी अ‍ॅड्रेनलिन शिकवलं.

"किडनीवर दोन ग्रंथी असतात, टोप्या घातल्यासारख्या. समोर वाघ आला की त्यातून हे रक्तात सुटतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पोटाचं काम थांबतं, रक्त हातापायांकडे धावतं. कशासाठी? लढा, नाहीतर पळा!"

माझा वाघ माझ्याच ताटाशेजारी बसून माझ्या आईच्या हातची भाकरी खात होता.

"तुला भीती नाही वाटत का रे?" मी त्याला विचारलं.

"वाटते ना. हे बघ." त्याने माझा हात छातीवर ठेवला. माझ्यापेक्षा जोरात धडधडत होती. "मजा येते पण अशाने."

मजा! तेच रसायन, त्याच टोप्या. त्याच्यात सुटलं की मजा, माझ्यात सुटलं की लघवी.

निवडीच्या दिवशी वर्गात आधी माझी पाळी आली. जीभ टाळूला चिकटलेली, पाय दाराकडे तोंड करून उभे. सुरू केलं, "चारशेऽ, चारशे दहाऽ, चारशे वीसऽ..." आणि घाबरून गाडी उलटी फिरली. "चारशे दहाऽ, चारशेऽ, तीनशे नव्वदऽ..."

सगळी पोरं कांदा पिकवणाऱ्यांची. भाव का पाडतो म्हणून मागचा बाक अहिराणीत चवताळून उठला.

"ए भो, भाव काब्रं पाडी ऱ्हायना?"

"तुना बाप यापारी शे का रे?"

एक खडू कानाजवळून गेला. सर हसून हसून खुर्चीत आडवे. त्यानंतर मावसभाऊ उठला. त्याचा भाव एकदाही खाली आला नाही. जागा त्याला मिळाली आणि मला पडद्याची दोरी.

गॅदरिंगच्या दिवशी तो स्टेजवर, मी विंगेत, तरी छाती माझीच धडधडत होती. नंबर आपला नाही हे शरीराला कोणी सांगितलंच नव्हतं. पाचशेपर्यंत तो झकास गेला आणि थांबला. विसरला! ओठांवरून जीभ फिरवायला लागला. त्याचंही तोंड कोरडं पडलं होतं. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

मग काय झालं कोण जाणे, दरवेळी दाराकडे बघणारे माझे पाय स्टेजकडे वळले. पडद्यामागून मी व्यापाऱ्याच्या आवाजात ओरडलो, "पाचशे दहा! माल माझा!" लोकांचे कान मला त्याच्याकडून हिसकावून घ्यायचे होते. पण तो पठ्ठ्या लगेच सावरला. "पाचशे दहाऽ! वीस कोण म्हणतं?" मी वीस म्हटलं. त्याने तीस मागितले. मी दात-ओठ खाऊन लढत होतो, भाव चढत होता आणि लोक शिट्ट्या मारत उभे राहिले होते.

"तो आतला कोण रे?" पुढून कोणीतरी ओरडलं.

त्याने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "माझा भाऊ! मी अडकलो होतो, याने वाचवलं."

टाळ्या परत त्यालाच. किती मोठ्या मनाचं पोरगं, म्हणे. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने पदराने डोळे पुसले. त्याच्याकडे बघून.