झाकण ठेव की

दाताच्या दवाखान्यात चॉकलेट वाटणारी बाई कुणी पाहिलीय का? नसेल पाहिली, तर ताईंना बघा. गेली एकोणीस वर्षं त्या दवाखान्याच्या काउंटरमागे बसतात. नंबर लावतात, फोन घेतात, आणि घाबरून घामाघूम झालेल्या माणसांना "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं," असं डोळ्यांची पापणी न हलवता खोटं सांगतात. आणि दरवर्षी, वसंताची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी घरून डबाभर चॉकलेट करून आणतात. "ताई, तुमच्यामुळे माझी गिऱ्हाइकं वाढतात," असं डॉक्टर म्हणतात. हा विनोद ते एकोणीस वर्षं करतायत आणि ताई एकोणीस वर्षं हसतायत. नोकरी म्हटली की एवढं आलंच.

खरं सांगायचं तर ताईंकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दिसायला चारचौघींसारख्या. गळा नाही, विणकाम नाही. स्वयंपाक असा, की नवऱ्याने कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी दुसऱ्यांदा मागूनही घेतलं नाही. पण चॉकलेट म्हणाल तर त्यांचंच! डबा उघडला की खुर्चीवर आ वासून पडलेला पेशंटसुद्धा मान वळवायचा. त्या एका दिवशी सगळे ताईंकडे बघायचे. वर्षातून एक दिवस माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, त्याची किंमत ज्याला तो दिवस मिळतो त्यालाच कळते.

आणि करायचं काय असतं हो त्यात? भट्टी नको, ओव्हन नको. चॉकलेटची लादी फोडायची. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यावर कोरडं ठणठणीत भांडं ठेवून लादी वितळवायची. लोणी, गोड घट्ट दूध, बिस्किटांचा चुरा, भाजलेले बदाम. बर्फाच्या साच्यांत ओतायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, झालं. फक्त एक मेख आहे. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की संपलं. सगळं आवळून येतं आणि खरबरीत गोळा होतो. म्हणून त्यावर झाकण ठेवायचं नाही. झाकणाला वाफ धरते आणि तिचं पाणी आत ठिबकतं.

ही मेख ताईंना त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितली होती. ताई नव्या नवरी होत्या, पहिलीच वसंताची सुट्टी, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ताईंनी हौसेने झाकण ठेवून चॉकलेटचा गोळा करून ठेवला. रडू फुटायच्या बेतात होत्या. जाऊबाईंनी गरम दूध घेतलं, चमचा चमचा घालत तो गोळा घोटला आणि पुन्हा सरसरीत केला. सासूबाईंनी विचारलं, "काय बिघडलं गं?" तर जाऊबाई पटकन म्हणाल्या, "माझाच ओला चमचा लागला." ताईंकडे बघितलंसुद्धा नाही. हे ताई कधी विसरल्या नव्हत्या. म्हणजे असं त्यांना वाटत होतं.

आता दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी एक मदतनीस लागली. हत्यारं उकळायची, ट्रे मांडायचे, आणि दातांचं माप घ्यायचा तो गुलाबी लगदा कालवायचा. तो लगदा म्हणजे मोठं नाटक असतं. पाणी जास्त झालं तर वाहतो, कमी पडलं तर भांड्यातच दगड. हिच्या हातून दोन वर्षांत एकदाही बिघडला नाही. डॉक्टर उठता बसता सांगायचे, "हिच्या हाताला काय सोनं लागलंय!" काउंटरमागे ताई हे ऐकायच्या आणि रजिस्टरमध्ये डोकं घालायच्या.

सुट्टीच्या तीन दिवस आधी ती काउंटरपाशी आली. "ताई, तुमचं चॉकलेट शिकवाल? पिटुकलीने वर्गात जाहीर करून टाकलंय, माझी आई सगळ्यांना घरी केलेलं चॉकलेट देणार म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही, भवानी कुठली!"

पिटुकली म्हणजे तिची सात वर्षांची लेक. ताई कौतुकाने हसल्या. कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात सगळं लिहून दिलं. लादी किती, लोणी किती, दूध किती. एक अक्षर खोटं नाही. मदतनिसीने कागद दोनदा वाचला, तिची सवयच ती. मग विचारलं, "वितळताना वर झाकण ठेवू का?"

त्याच क्षणी आतून डॉक्टर ओरडले, "अहो, ती सोन्याच्या हाताची कुठे गेली? माप घ्यायचंय!"

ताईंनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "ठेव की."

बस. एवढंच. मदतनीस "थँक्यू हं ताई" म्हणून आत पळाली. ताईंना वाटलं, हाक मारून सांगावं. फोन वाजला, तो घेतला. मग पेशंट आला, मग जेवायची सुट्टी झाली. तीन दिवस होते हो! तीन दिवस ती बाई समोरून जात येत होती, आणि ताई मनाशी म्हणत होत्या, झाकण ठेवलं म्हणून थेंब पडेलच असं थोडंच आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

थेंब पडला. शेवटच्या दिवशी मदतनीस आली तेव्हा डोळे सुजलेले. ताईंचा डबा काउंटरवर उघडा होता आणि सगळे "वा ताई, वा!" करत होते. ती म्हणाली, "दोनदा केलं ताई. दोन्ही वेळा गोळा. लादी संपली, वेळ संपला. पोरगी रिकाम्या हाताने गेली. दारातून मलाच म्हणाली, वर्गात सांगते, माझ्या आईला येत नाही." मग नाक पुसून हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुम्ही इतकं नीट लिहून दिलंत, आणि माझ्या हातालाच गुण नाही बघा."

अंगावर पाल पडल्यासारखं झालं ताईंना. "अगं, होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या, आणि वर डबा पुढे केला. "घे, पिटुकलीला दोन ने." तिने घेतली. आभारसुद्धा मानले. जमिनीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ताईंना ते खरोखर वाटलं. पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

चार दिवसांची सुट्टी. घरी नवरा म्हणाला, "अगं, बरं नाही का? मिठाशिवाय भाजी केलीस." ताईंनी मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला, दरवर्षीसारखा. "झालं का गं चॉकलेट? आवळलं नाही ना?" आणि खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "आता माझं वय झालं, मी काही करत नाही. तू कुणाला शिकवलंस की नाही? शिकव हो. आपल्यामागे राहायला हवं ते."

ताईंची दातखीळ बसली. एकोणीस वर्षं लोकांचे दात बघितले, पण दातखीळ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. एका बाईने आपल्यासाठी, स्वतःची नसलेली चूक अंगावर घेतली, आणि आपण काय केलं? स्वतःची असलेली चूक दुसरीच्या हाताला चिकटवली. तीही कशासाठी? दोन शब्द कौतुकासाठी! फोन ठेवला आणि लगेच मदतनिसीला लावला. "उद्या ये गं माझ्याकडे. पिटुकलीला घेऊन. सामान माझ्याकडे आहे."

दोघी आल्या. पिटुकलीला स्टुलावर बसवून बदाम सोलायला दिले, त्यातले निम्मे ती खात होती. ताईंनी ठरवलं होतं, आल्या आल्या सांगायचं. मग ठरवलं, पाणी उकळल्यावर सांगू. पाणी उकळलं. भांडं चढलं, लादीचे तुकडे मऊ व्हायला लागले, आणि मदतनिसीने सवयीने ओट्यावरचं झाकण उचललं.

"झाकण नको," ताई म्हणाल्या.

तिचा हात तसाच राहिला. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, ठेव म्हणून?" मग ताईंचा चेहरा बघून तीच गडबडली. "नाही, मीच चुकीचं ऐकलं असेन. डॉक्टर ओरडत होते तेव्हा."

बघा, पळवाट आयती समोर आली होती. नुसतं "असेल" म्हटलं की सुटका. आणि खोटं कशाला बोला, ताईंच्या जिभेवर ते "असेल" येऊन बसलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर ऐकलंस. मला माहीत होतं झाकणाने बिघडतं. तरी मी ठेव म्हटलं."

चॉकलेट वितळत होतं. मदतनिसीने झाकण आवाज न करता ओट्यावर ठेवलं. पिटुकलीने विचारलं, "का?"

मोठ्या माणसाने विचारलं असतं तर ताईंनी काहीतरी सारवासारव केली असती. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं चॉकलेट माझ्यापेक्षा चांगलं होईल, याची भीती वाटली म्हणून."

पिटुकलीने बदाम चावत विचार केला. "म्हणजे आईला येतच होतं?"

"येतच होतं."

"मी तर वर्गात सांगितलं, येत नाही म्हणून." तिचा चेहरा पडला. मग एकदम म्हणाली, "तुम्ही येऊन सांगा. सगळ्यांना."

एरवी आईने लेकीला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं असतं. आज तिने केलं नाही. ती खाली बघून भांडं ढवळत राहिली. साचे भरले ते तिनेच, एकही थेंब बाहेर न सांडता. फ्रीजमधून काढल्यावर चॉकलेटं अशी गुळगुळीत सुटली की त्यांत तोंड दिसावं. डबा भरून निघताना ती दारात म्हणाली, "येते मॅडम."

दोन वर्षं ताई म्हणणारी बाई मॅडम म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी ताई शाळेत गेल्या. वर्गशिक्षिकेची परवानगी काढली होती. काय सांगायचंय तेही आधीच सांगून टाकलं होतं. फळ्यासमोर पन्नाशीची बाई, समोर तीस पोरं, पहिल्या बाकावर डबा घट्ट धरून पिटुकली.

"ही चॉकलेटं हिच्या आईने केलीत," ताई म्हणाल्या. "मागच्या वेळी बिघडली ती माझ्यामुळे. मी तिला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. तिला छान येतं."

 मागच्या बाकावरून एका पोरीने हात वर केला. "मग तुम्हाला शिक्षा झाली का?"

"चाललीय की," ताई म्हणाल्या.

शिक्षिका खिडकीकडे वळल्या. पोरांचं लक्ष डब्याकडे गेलं आणि एकच गिल्ला झाला. पिटुकलीने सगळ्यांना वाटून शेवटचं चॉकलेट ताईंच्या हातावर ठेवलं. "माझ्या आईने केलंय," तिने बजावलं. ताईंनी खाल्लं. त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, यात वादच नव्हता.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा मदतनीस हत्यारं मांडत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "जाऊन आलात, मॅडम?"

"आले."

"बरं."

 ताई काउंटरमागे बसल्या, रजिस्टर उघडलं. पहिलाच पेशंट एक आजोबा, गालाला रुमाल बांधलेला. वाकून हळूच विचारलं त्यांनी, "दुखेल का हो?"

मुंगी जिभेवर तयारच होती, एकोणीस वर्षांची.

"दुखेल आजोबा," ताई म्हणाल्या. "थोडं दुखेल."

आत हत्यारांचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ताईंनी आजोबांचा नंबर लिहून घेतला.