दोघींचा मराठी गट

दोन हजार आठ साली केरळच्या एका ननला रोममध्ये संतपद मिळालं, तेव्हा माझी आई अमेरिकेत, शॉमबर्गला माझ्याकडे आलेली होती. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्या घरात जपमाळ मराठीतून, भांडणंही मराठीतून. आपल्या देशातली बाई संत झाली ही बातमी आईनं शेजारच्या गोऱ्या म्हातारीलासुद्धा हातवारे करून सांगितली होती. तिला खरं तर रोमला जायचं होतं. गुडघ्यांनी नाही म्हटलं. मग कळलं की आमच्यापासून तासाभरावरच्या एका चर्चमध्ये भारतीय कॅथलिकांची मोठी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आणि मिरवणूक आहे. "जायचंच," आई म्हणाली, आणि बॅगेच्या तळातून लाल लुगडं काढलं. अमेरिकेत नऊवारी कशाला आणलीस म्हणून मी तिला विमानतळावर चिडवलं होतं. आता मीच त्याला इस्त्री केली.

नाव नोंदवायला मी फोन केला. तिकडून एक मल्याळी काका बोलत होते. प्रत्येक भाषेचा एक गट, आणि प्रत्येक गट आपापल्या पाटीमागं चालणार, असं त्यांनी इंग्रजीत समजावलं. तुम्ही कोणत्या गटात? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, गोव्याच्या. कोकणीत टाका आम्हाला.

असं का, ते सांगते. अमेरिकेत आल्यापासून मला दोन्हीकडून तेच. चर्चमध्ये लोक म्हणायचे, मुंबईकडची ख्रिश्चन म्हणजे गोवनच ना? आणि मराठी मंडळात गेले तर एका पुण्याच्या काकूंनी अगदी प्रेमानं माझा हात धरून म्हटलं होतं, तुमचं मराठी किती छान आहे हो! नसायला काय झालं? पण मी मूर्खासारखी थँक्यू म्हणाले. दर वेळी इतिहासाचा तास घ्यायचा कंटाळा यायला लागला, आणि कधीतरी मी सोयीपुरती गोव्याची होऊन गेले. गोव्याच्या लोकांशी माझं काही वाकडं नाही. वाकडं असेल तर माझंच.

आईला यातलं काही बोलले नाही. एवढ्या गर्दीत तिच्या लक्षात कशाला येतंय, असं वाटलं. काय अक्कल माझी! आमच्याकडे सणाच्या मिरवणुकीत प्रत्येक आळी आपापल्या निशाणामागं चालते. चुकून दुसऱ्या आळीत शिरलेल्या बाईची वर्षभर टिंगल होते. जन्म त्यात गेलेल्या बाईला पाटी दिसणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्या रविवारी गाडी लावायला जागा मिळेना. मिशिगनहून, इंडियानाहून बसेस भरून लोक आले होते. ढोल वाजत होते, सोनेरी झालरीच्या छत्र्या उघडल्या होत्या, रस्ता अडवून उभा असलेला पोलीस बुटानं ताल धरत होता. आणि त्यात आमची लाल लुगड्यातली आई. निदान दहा जणांनी तिचे फोटो काढले. ती प्रत्येकाला हसून पोज देत होती, थांबायचं नावच घेईना.

मग एका स्वयंसेवक मुलीनं आम्हाला कोकणी गटात नेऊन उभं केलं. एक बाई आईशी आपुलकीनं कोकणीत बोलायला लागल्या. आईनं मराठीत उत्तर दिलं, मान वर करून पाटीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करत वाचली, आणि माझ्याकडे वळली.

"आपली पाटी कुठंय?"

नाहीये, म्हटलं. आणि मग सगळंच सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माणसं चांगली आहेत ही," ती म्हणाली. "पण त्यांच्या पाटीमागं चालले तर मी देवासमोर खोटं चालले. तू जा. मी बसते इथं."

आणि रस्त्याकडेच्या घडीच्या खुर्चीवर खरंच जाऊन बसली. सकाळपासून उपाशी होती. पंधरा दिवस या दिवसाची वाट बघत होती. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

मी तडक फोनवरच्या त्या काकांना गाठलं. हातात यादी, कपाळावर घाम. सांगितलं, मी चुकीचं नाव दिलं, आम्ही मराठी. ते म्हणाले, मराठी लोकांत ख्रिश्चन असतात? शेकडो वर्षांपासून असतात काका, आमची मिस्सा मराठीत असते, माझी आई तिकडे रुसून बसलीय तीही मराठीतच. हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असणार, कारण ते दोन पावलं मागं सरले. किती जण आहात? दोघी, म्हटलं. ते हसले. पाटी छापलेली नाही, पण तुमची तुम्ही करून आणा आणि तमिळ गटामागं उभ्या राहा, म्हणाले.

पाण्याच्या बाटल्यांचा एक रिकामा खोका सापडला. त्याचा पुठ्ठा फाडला, जेवणाच्या टेबलावरून जाड मार्कर मागून आणला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, मराठी. खाली इंग्रजीत पुन्हा तेच. देवनागरी लिहून वर्षं झाली होती. आईसमोर धरलं. तिनं नीट पाहिलं.

"ठ बटाट्यासारखा काढलायस," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

पुढे शेकडो तमिळ, मागे शेकडो तेलुगू, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघी. माइकवर काका जरा अडखळले, मग म्हणाले, मराठी. कडेचे लोक आधी शोधायला लागले, कुठाय हा गट? आम्ही दिसलो तशा टाळ्या पडायला लागल्या. मला या देशात प्रमोशनं मिळाली, सिटिझनशिप मिळाली, पण त्या पुठ्ठ्याइतकं ताठ मी काहीच धरलं नव्हतं. शेतातून हाक मारावी तशा आवाजात आईनं मराठीत जपमाळ सुरू केली. मी आधी पुटपुटत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत माझाही आवाज चढला.

शेवटी सगळे वेदीजवळच्या त्या नव्या संतिणीच्या तसबिरीपुढे रांगेनं गेले. आई तसबिरीच्या चौकटीवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मागची रांग चुळबुळ करायला लागली, पण ती हलेना. गाडीत बसल्यावर मी विचारलं, एवढं काय मागत होतीस?

"मागायला थोडीच गेले होते?" पदर सारखा करत ती म्हणाली. "तिला सांगितलं, ती पाटी धरलेली माझी लेक."