टायरांची खांदेमळणी

पोळा आठवड्यावर आला होता आणि नवरा जेवता जेवता म्हणाला, "ती डबडी काढून टाकू आता. मोठी गाडी घेऊ." माझं टाळकंच सरकलं. डबडी म्हणजे माझी लाल, छोटी गाडी. पहिल्या नोकरीच्या पगारावर घेतलेली, लग्नाच्या आधीची. म्हणजे आमच्या घरात ती नवऱ्याला सीनियर आहे.

पडेगावच्या पुढं एकानं मोकळ्या रानात डांबरी वळणांचा ट्रॅक केलाय. तिथं हेल्मेट घालून आपलीच गाडी हवी तेवढी पळवता येते. मी अधूनमधून रविवारी जाते आणि दिवसभर घरात गुणगुणत फिरते. नवऱ्यानंही एकदा तिथं फेरी मारली होती आणि माझ्यापेक्षा जरा लवकर आला होता. त्या 'जरा'वर हा माणूस वर्षभर मिशीला पीळ देत होता.

"माझी वेळ मोडून दाखव, मग नाय विकत," तो म्हणाला. "पोळ्याला सुट्टीच आहे. नाय जमलं तर गाडी जाईल, आणि रुसायचं नाय."

"टायर माझ्या पसंतीचे," मी म्हटलं.

"टायरनं काय होतंय? हात पाहिजे हात."

"हात आहेत. टायरच नव्हते."

त्या दिवसापासून मला टायरांनी झपाटलं. भाजी फोडणीला टाकायची आणि फोनवर टायर बघायचे. भाजी दोनदा करपली. माझा चेहरा बघून सगळ्यांनी ती बोटं चाटत खाल्ली.

जालना रोडवरच्या दुकानात माझ्यासोबत मामा आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते फुलंब्रीकडचे, जन्मभर शेती केलेले. गुडघे गेले, शेत बटईनं दिलं, बैलजोडी विकली, आणि तेव्हापासून ते आमच्याकडं पुंडलिकनगरात असतात. त्यांना घरात करमत नाही, म्हणून मी निघाले की चप्पल घालून तयार. जोडीचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही. गेल्या पोळ्याला तर ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होते.

टायरच्या कडेवर एक आकडा असतो. तो जेवढा कमी, तेवढं रबर मऊ, तेवढी पकड जास्त आणि तेवढं ते लवकर झिजतं. मी सगळ्यात कमी आकड्याचे काढायला लावले. मामांनी चष्मा पुसून आकडा वाचला.

"एवढे कमी मार्क पडलेलं कशाला घेतीस? ते बघ, त्याला चांगले मार्क हायेत."

दुकानदार हसत म्हणाला, "चाचा, ये टायर चलने का नै, चिपकने का है."

सगळ्यात चिकट टायर जवळजवळ गुळगुळीत होता. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि खुळ्यासारखी हसत सुटले. पण पावसाचे दिवस. डांबर ओलं असेल तर पाणी बाहेर जायला खाचा हव्यात. जीव गुळगुळीतात अडकलेला, अक्कल खाचांकडं ओढत होती. तीनदा हो-नाही केलं. शेवटी मामाच म्हणाले, "पाण्याला वाट पायजे," आणि मी मऊ पण खाचांचे घेतले. मामांनी त्यात नख रुतवून बघितलं, बराच वेळ बघत राहिले.

खड्ड्यांच्या रस्त्यावर असले टायर झिजवायचे नसतात. म्हणून ते जास्तीच्या चाकांवर चढवून घरी आणले. ट्रॅकवर गेल्यावर बदलायचे. हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवले आणि येताजाता कुरवाळत होते. नवरा म्हणाला, "माझ्यावरून कधी एवढा हात फिरवला नाहीस."

पोळ्याच्या सकाळी निघालो. दोन चाकं डिकीत, दोन मागच्या सीटवर मामांच्या बाजूला. चारही त्यांनी जुन्या लुगड्यांत बांधली होती. मला वाटलं, सीट घाण होऊ नये म्हणून. किती समजूतदार सासरा मिळाला, असंही वाटलं.

मी हेल्मेट घेऊन तिथल्या माणसाकडून सूचना ऐकत होते, तोवर बापलेकांनी चाकं बदलली. मी बसले, निघाले, पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळलीच नाही. मग वळली ती गरगर वळली, आणि मी आल्या दिशेला तोंड करून गवतात उभी राहिले. लागलं कुणाला काही नाही. पण गाडीत कुणीतरी पुरणपोळी वाढल्यासारखा तुपाचा वास दरवळला.

हळूहळू परत आले, उतरले, टायरला हात लावला. हात पिवळा.

"मामा, टायरला काय लावलंय?"

"खांदेमळणी केली की काल," मामा म्हणाले. "हळद न तूप."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीनं मळतात. वर्षभर जू वाहून तिथंच त्याला जोर पडतो म्हणून. "गाडीला जोर कुठं पडतो? चाकावरच ना. चांगलं चोळून मुरवलं."

"मला वाटलं पूजेची हळद आहे," नवरा म्हणाला. "पण फेरी गेली. गाडी विकायची."

मी अशी खवळले होते की तोंड उघडलं असतं तर पडेगावपर्यंत ऐकू गेलं असतं. पण मामांचे हात मनगटापर्यंत पिवळे होते, आणि आपल्यामुळं गाडी हातची चालली हे कळून त्यांचा चेहरा एवढुसा झाला होता. तसेच ते खाली बसले. गुडघ्यांनी त्रास दिला तरी बसले, आणि कोरडी माती घेऊन टायर घासायला लागले. मीही बसले. घासता घासता मला हसू फुटलं ते आवरेना. सगळे टायर शिकरणीत बुडवल्यासारखे दिसत होते. शेवटी नवराही पाण्याची बादली घेऊन आला. "बरं, एक फेरी अजून," तो म्हणाला.

आधी टायर तापवायला सावकाश फेऱ्या घेतल्या. मग सोडली. काय सांगू, मी नुसती बघेन तिकडं गाडी जात होती. त्याच वळणावर तिनं डांबर असं धरलं की मी हेल्मेटमध्ये एकटीच आरोळ्या ठोकल्या.

थांबून विचारलं, "किती?"

नवऱ्यानं फोन बघितला. घड्याळ चालूच होतं. बघत बसायच्या नादात तो बंद करायचं विसरला होता. "मग ही फेरी धरता येणार नाय," तो म्हणाला. "ठरलं ते ठरलं."

मामा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. "माझी जोडी गेली तेव्हा मी काय बोललो नाय," ते म्हणाले. "वाटत होतं कुणीतरी नको म्हणावं. ही नाय विकायची."

नवऱ्यानं आपलं हेल्मेट आणून बापाच्या डोक्यावर बसवलं, पट्टा लावला आणि पुढचं दार उघडून धरलं.

पहिलं वळण आलं तसा मी त्यांच्या काळजीनं पाय उचलला. मामांनी पिवळ्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारली.

"हाण, पोरी. खांदे मळलेत तिचे."

"व्हय, मामा," म्हटलं आणि हाणली.